विधान : अण्णा पाणी पीत नाहीत

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांची दाट रांग आहे, तिथं बन्सीलाल शेठच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे. खाली आम्ही साड्यांचे गठ्ठे फोडतो आणि वर मॅडम पोरांची डोकी फोडतात, असं शेठ स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात. या मॅडम म्हणजे शीतल मॅडम. स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना त्या बुद्धिमत्ता शिकवतात. घड्याळाचे काटे, दिशा, रक्ताची नाती हे सगळं आलंच, पण त्यांचा जीव की प्राण म्हणजे विधान आणि निष्कर्ष. भरती पोलिसांची असो की तलाठ्यांची, हे प्रश्न ठरलेले. पोरांना ते सगळ्यात सोपे वाटतात आणि पोरं सगळ्यात जास्त तिथंच आपटतात. गणितात चुकणाऱ्याला निदान मनातून धाकधूक तरी असते. इथं चुकणारा अगदी छातीठोक चुकतो.

परवा मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'कारभारी रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावतो.' खाली निष्कर्ष लिहिला, 'कारभारी भरतीची तयारी करत आहे.' आणि मागं वळून विचारलं, निघतो की नाही?

"निघतो!" सगळा हॉल एका सुरात ओरडला. खाली शेठच्या हातातला गज थबकला असेल.

"कसा काय?"

"मॅडम, उगंच कोन पळतंय पहाटं पहाटं?" मागच्या बाकावरून प्रिया म्हणाली. ही पोरगी स्वतः रोज पहाटे पळते, त्यामुळं तिला शंकाच नव्हती.

"त्याला डॉक्टरनं साखर सांगितली असेल. त्याच्या मागं कुत्रं लागत असेल. घरी बायकोची कटकट नको म्हणून पळत असेल," मॅडम म्हणाल्या. "विधानात काय लिहिलंय? धावतो. बस. का धावतो, ते कारभारीला जाऊन विचारलं का कुणी?"

पोरं हसायला लागली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. या बाबतीत त्यांना विनोद चालत नाही.

"तुम्ही अख्खं गाव डोक्यात भरून पेपरला बसता. गावात जे दिसतं ते विधानात आहेच असं धरून चालता. तुम्हाला दुसरं कारण सुचलं नाही, म्हणून पहिलं कारण खरं ठरत नाही. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर मॅडमची नुसती शीतल होते, म्हणून आपणही पुढं तिला शीतलच म्हणू. अंबड रोडकडच्या एका वस्तीत तिचं आणि अंगदचं दोन खोल्यांचं घर आहे. अंगद एका बियाणांच्या कंपनीत गोदामावर असतो, शांत आणि मिश्किल माणूस. बायकोच्या धंद्याचा जाच त्याला घरातही होतो. 'आभाळ भरून आलंय, पाऊस येणार' असं म्हणायची त्याला चोरी आहे. आभाळ आलंय एवढंच म्हणायचं, पुढचं पुढं बघता येईल. भाजीवाला 'आज माल कमी आला, म्हणून महाग' म्हणाला की शीतल तिथल्या तिथं त्याची परीक्षा घेते, आणि भाजीवाला भाव कमी करण्यापेक्षा मुकाट्यानं कोथिंबीर वर टाकून मोकळा होतो. ती स्वतः कितीतरी वर्षं परीक्षा देत होती. नोकरी थोडक्यात हुकत गेली आणि शेवटी ती शिकवायला लागली. शिकवताना तिला कळलं की आपल्याला हेच बरं जमतं. त्याचा तिला अभिमान आहे, आणि तो असायला काही हरकतही नाही.

पण एक प्रश्न शीतलनं फार पूर्वी आपल्या मनाशीच सोडवून टाकला होता. तो तिनं कुणाला तपासायला दिला नव्हता. अंगदलाही नाही.

तिचे वडील कडूबा. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गाव जाफराबाद तालुक्यातलं, शेती सोयाबीन आणि कपाशीची. अण्णांचं जालन्याला येणं-जाणं पहिल्यापासून. कधी मोंढ्यात माल घेऊन, कधी मोटारीचा एखादा भाग आणायला, तर कधी नुसतेच. आले की लेकीच्या घरी येणारच, आणि येताना कधी रिकाम्या हातानं यायचे नाहीत. पिशवीत तुरीच्या शेंगा, वाळकं, हुरड्याची कणसं, ज्या दिवसांत जे असेल ते. पिशवी द्यायची, जावयाची चौकशी करायची, थोडं बसायचं आणि उठायचं. पाणी नाही, चहा नाही.

आमच्याकडं जुनी रीतच आहे तशी. लेक एकदा देऊन टाकली की तिच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही. तिला लेकरू झालं की मग मोकळीक. नातवाच्या बारशाला आजोबा लेकीच्या घरी पहिल्यांदा पाटावर बसतात, पोटभर जेवतात, आणि तेवढ्या एका जेवणात सगळी वर्षं भरून निघतात. हल्ली पुष्कळ जण हे पाळत नाहीत. अण्णा पाळायचे.

पहिली काही वर्षं शीतलला यात वावगं वाटलंच नाही. ती तांब्या-पेला घेऊन यायची, अण्णा "राहू दे, बाई" म्हणायचे, ती परत न्यायची. दोघंही हसायचे. पुढं लेकरू होईना. मग डॉक्टर झाले, संभाजीनगरच्या खेपा झाल्या, कुणी सांगितलेले उपास झाले. अण्णांची पिशवी येत राहिली, पाणी तसंच परत जात राहिलं, फक्त आता कुणी हसत नव्हतं. हळूहळू अण्णा आतल्या खोलीत येईनासे झाले. ओट्यावरच टेकायचे. नंतर नंतर तर फाटकातच उभे राहून पिशवी द्यायचे, आणि शीतल पाण्यासाठी आत वळली की "गाडी हुकन" म्हणून चालू लागायचे.

शीतलची धाकटी बहीण आकांक्षा घनसावंगीला दिलेली. तिला दोन पोरं. तिचा फोन यायचा, "अगं, अण्णा आल्ते काल. शेवयाची खीर केली, दोनदा मागून घेतली त्यांनी." आकांक्षाच्या मनात काही नसायचं, ती सहज सांगायची. शीतल "बरं झालं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

आणि एका उन्हाळ्यात तर कहर झाला. अण्णा भर दुपारी आले, पिशवी दिली आणि गेले. संध्याकाळी शेजारच्या बसंतीबाई कुंपणापाशी आल्या. मूळच्या राजस्थानी, पण त्यांच्या तीन पिढ्या जालन्यातच गेलेल्या. त्या काळजीनं म्हणाल्या, "तुमच्या अण्णांना किती तहान लागली होती हो! आमच्याकडं तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. ऊन फार आहे, त्यांना जपा."

त्या दिवशी शीतलचा प्रश्न सुटला. विधान : अण्णा माझ्या घरी पाणी पीत नाहीत. परक्याच्या घरी पितात, धाकट्या लेकीच्या घरी जेवतात. निष्कर्ष : अण्णांना माझी लाज वाटते. वांझ लेकीचा उंबरठा त्यांना नकोसा झाला आहे. निघतो की नाही? निघतो.

वर्गात एखाद्या पोरानं असा पेपर सोडवला असता तर मॅडमनी त्याला उभं करून चांगलं सोललं असतं. लाज वाटणारा बाप दर महिन्याला पिशवी घेऊन एसटीचे धक्के खात येईल का, एवढा एक साधा प्रश्न विचारला असता. पण आपल्या दुखऱ्या जागेवर माणूस असे प्रश्न विचारत नाही. उलट उत्तर जितकं जास्त लागतं, तितकं ते खरं वाटतं. शीतलला ते इतकं लागलं होतं की पडताळून बघायची तिला गरजच वाटली नाही.

मध्यंतरी एक गोष्ट घडली होती, ती मात्र माहेरी कुणाला माहीत नव्हती. एका दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अंगद म्हणाला होता, "बस करायचं का आता?" आणि शीतल म्हणाली होती, "बस." आपण रडू असं तिला वाटलं होतं. पण दोघांनी समोरच्या रसवंतीवर बसून उसाचा रस घेतला आणि घरी आले. त्या रात्री दोघांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. दुःख गेलं असं नाही, पण त्याच्याबरोबर राहायची त्यांना सवय झाली. अधूनमधून एखाद्या बारशाच्या आमंत्रणानं खपली निघते आणि पुन्हा धरते. हे कुणाला सांगायचं असतं, असं शीतलच्या डोक्यातच आलं नाही. आई, सोनूबाई, तोवर गेली होती, आणि अण्णांशी तर बोलायची सोयच उरली नव्हती.

यंदा दिवाळीनंतर भावाचा, सोमेश्वरचा फोन आला. "ताई, अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये, मोतिबिंदूचं, जालन्यालाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचंय, तर मुक्काम करावा लागन. मी म्हनलो ताईकडं थांबा, तर न्हाई म्हनतेत. धर्मशाळेत थांबतो म्हनतेत. तूच बोल."

"त्यांची मर्जी," शीतल म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिला भयंकर राग आला. सोन्यासारखं घर असताना बापानं धर्मशाळेत निजायचं! जालन्यात ओळखीपाळखीचे काय म्हणतील हा विचार तिच्या मनात आलाच नाही, असं नाही. पण खरं म्हणजे तिला आता या गोष्टीचा एकदाचा निकाल लावायचा होता. जे आहे ते अण्णांनी तोंडावर बोलून टाकावं. मग पिशव्याही नकोत.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं क्लासला सुट्टी दिली आणि थेट दवाखाना गाठला. अण्णा बाकावर बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टोपी मांडीवर. अचानक फार लहान दिसायला लागले होते. सोमेश्वरला म्हशींची धार काढायला परत जायचं होतं. शीतलनं त्याच्याकडून औषधं समजून घेतली, अण्णांचा दंड धरला आणि काही एक न विचारता त्यांना ऑटोत बसवलं. अण्णा धर्मशाळेचं काहीतरी पुटपुटले. शीतलनं ते ऑटोवाल्यालाही ऐकू जाऊ दिलं नाही.

घरी आल्यावर ते सवयीनं ओट्यावर टेकायला गेले. "धूळ चालत नाही डोळ्याला," असं म्हणून तिनं त्यांना आत नेलं आणि पलंगावर बसवलं. किती वर्षांनी ते त्या खोलीत बसले होते! मान जरा वळवून उघड्या डोळ्यानं भिंती, कपाट, अंगदचा फोटो असं बघत राहिले. अंगद कामावर होता. घरात दोघंच. शीतलनं मुद्दामच पाणी आणलं नाही. बघू या, असं तिच्या मनात होतं.

थोड्या वेळानं अण्णांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. ती त्यांनी घरूनच भरून आणली होती. हलवून बघितली, तर रिकामी. दवाखान्यात संपली असावी. मग खिशातून गोळी काढून मुठीत धरली, भिंतीला धरत धरत उठले आणि पायानं चपला चाचपायला लागले.

"कुठं निघालात?"

"काई न्हाई. शेजारी जाऊन येतो जरासा. गोळी घ्यायची हाये."

एका डोळ्यानं धड उंबरठा दिसत नव्हता माणसाला, आणि तो घोटभर पाण्यासाठी पलीकडं बसंतीबाईंच्या घरी निघाला होता. शीतल दारात जाऊन उभी राहिली.

"इतकी लाज वाटते का माझी, अण्णा?"

"लाज?" अण्णा जागच्या जागी थांबले. "कशाची?"

"मला लेकरू न्हाई याची. आकांक्षाकडं खीर मागून खाता. बसंतीबाईंकडं तांब्यानं पाणी पिता. माझ्या फाटकातून तहानलेले माघारी जाता. आत पाऊल टाकत न्हाई. आज तर धर्मशाळा बरी वाटली. मला काय कळत न्हाई का?"

अण्णा मागं सरकले आणि पलंगावर बसले. गोळी मुठीत फिरवत राहिले.

"आत बसलो की तू पानी घेऊन येती," ते म्हणाले. "मी न्हाई म्हनतो. मंग तू तो भरला तांब्या तसाच परत नेती. नेताना तुही पाठ दिसती मला. ते पाहवत न्हाई, बाई. म्हनून भायेरच बसतो."

"मंग प्यायचं की! कोण नको म्हणतंय?"

"कसं पेऊ? लेकीला लेकरू झालं की पेयचं असतं. त्याच्या आधी पेलो, तं काय झालं ते? बापानं आशा सोडली, आसंच झालं ना? गावातले म्हनतेत, कडूबा, आता कवर थांबतो, पेऊन टाक. तुह्या मायनंबी सांगितलं व्हतं जाता जाता. मी न्हाई म्हनलो. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली, अन् तिला संपलं म्हनून मीच सांगायचं का, पानी पेऊन? ते माह्याच्यानं व्हनार न्हाई."

इतक्या वर्षांची तहान हा माणूस तिच्यासाठी सोसत होता, आणि ती प्रत्येक वेळी ते त्याच्याच गुन्ह्यांच्या खात्यात मांडत होती.

"मी वाट बघते असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कोन सांगन? तूच तं येती दर टायमाला पानी घेऊन. नगं म्हनतो हे ठाऊक असून येती. मला वाटलं, पोरगी ईचारती. अण्णा, अजून थांबायचं का, का झालं आता? मी म्हनायचो, राहू दे. म्हंजी, थांब."

"अहो, दारात आलेल्याला पाणी देतात, अण्णा," शीतल म्हणाली. "मी काहीच विचारत नव्हते."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले.

ती त्यांच्याजवळ खाली बसली. "आम्ही ते सोडून दिलं, अण्णा. लय दिवस झाले. दोघांनी मिळून ठरवलं. डॉक्टर नको, उपास नको, काही नको."

"सोडलं?"

"हो."

"अन् बरे हाव का तुमी? दोघंबी?"

"बरे आहोत. कधी कधी वाईट वाटतं. पण बरे आहोत."

"मला सांगायचं ना मंग, बाई."

"तुम्ही विचारायचं ना, अण्णा."

ते मान खाली घालून बसले. पट्टीखालून पाणी गालावर आलं. "रडायचं न्हाई म्हणून डॉक्टरनं सांगितलंय," शीतल रडत रडतच म्हणाली आणि पदरानं हलक्या हातानं त्यांचा गाल टिपला.

"दे मंग," अण्णा म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण काढलं आणि तिचा हात थांबला. आजवर कितीतरी वेळा तिनं हा पेला भरला होता, पण तेव्हा तो नुसता पाण्याचा पेला होता. आज तो अण्णांच्या हातात दिला की जे तिनं आणि अंगदनं रसवंतीवर बसून ठरवलं होतं, ते तिच्या माहेरीही ठरून जाणार होतं. कुणीतरी, कुठंतरी, अजून तिच्यासाठी थांबलेलं होतं, हे तिला आत्ता कळलं होतं, आणि आत्ताच त्याला मोकळं करायचं होतं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार जड गेलं. मग तिनं पेला काठोकाठ भरला आणि बाहेर आणला.

अण्णांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि एका दमात संपवला. गोळी मुठीतच राहिली. मग तिनं दुसरा पेला दिला, आणि त्यांनी गोळी घेतली. पेला खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या.

"जेवायला काय केलं गं?" त्यांनी विचारलं.

शीतलनं काहीच केलं नव्हतं. बाप जेवणार नाही हे धरूनच ती सकाळी घराबाहेर पडली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. अण्णांना आता भाकरी चावते की दुधात कुस्करून लागते, तिखट सोसतं की नाही, रात्री ते जेवतात तरी का, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आकांक्षाला सगळं ठाऊक असेल. बापाला आपल्या हातानं वाढायची एवढी वर्षं निघून गेली होती आणि ती आता कुणी परत देणार नव्हतं.

"काय खाल, अण्णा?" तिनं विचारलं. "तुम्हीच सांगा. मला न्हाई माहीत."